पात्रांवच्या मागे बसलेला टोपीवाला

शांबाभाऊ,

तुम्ही गेलात हे गौरीशनं फोनवर सांगितलं तेव्हा मी आधी विचारलं, "कुणी सांगितलं?"

"कोणें सांगलें म्हणजे? हांव हांगाच आसां, हॉस्पिटलांत!"

तरी मी म्हटलं, "डॉक्टर काय म्हणतोय? दुसऱ्या डॉक्टरला दाखवलं का?" तुमचा भाचा रडत होता आणि मी त्याची उलटतपासणी घेत होतो. तुम्ही ऐकत असता तर खुर्चीतूनच ओरडला असता, "आयलो दुबाव!" तुमच्या घरात मला मारुती म्हणणारी एकटी सुमतीवयनी. तुम्ही मला दुबावच म्हणायचा. आमच्या चंदगडात याला संशय म्हणतात, पण मला तुमच्या तोंडचा दुबाव बरा वाटायचा. संशय म्हटलं की पोलीस आठवतो.

आता गौरीश म्हणतोय की आरती मंडळ तुमच्यावर छोटं पुस्तक काढणार आहे आणि त्यात मी लिहायचं. मीच का, हे मी विचारलंच. मंडळात मास्तर आहेत, पंचायतीतले आहेत, तुमच्या मांडीला मांडी लावून वर्षानुवर्षं घुमट, ते आरतीचं मातीचं वाद्य, वाजवलेले आहेत. मी आठवीत शाळा सोडली. पुन्हा शाळेत पाय ठेवला तो स्नेहसंमेलनाचे माइक लावायला. गौरीश म्हणाला, "आयतारा मामान तुज्याशिवाय कोणाक घरांत बसयलो ना, म्हणून." उत्तर सरळ होतं. पण सरळ उत्तर मिळालं की माझी झोप जास्त उडते, हे तुम्हाला माहीत आहे.

तुमच्याकडं राहायला आलो तेव्हाही हीच गत. त्याआधी मी सुर्ल्याला एका खोलीत होतो. तिथला मालक आधी चहा पाजायचा, मग पंख्याचं बटण बघ म्हणायचा, मग पंप बघ, मग भावाच्या घरची वायर बघ. साउंडवाला म्हणजे त्याला घरचा वायरमन वाटला. म्हणून डिचोलीच्या आमच्या मंडप-साउंडच्या गोदामाला जवळ पडते असं सांगून मी मयेला तुमच्या घरामागची खोली घेतली, आणि मनाशी ठरवलं, इथं कुणाचा चहा घ्यायचा नाही.

पहिल्याच आयतारी, म्हणजे रविवारी, तुम्ही जनेलातून, तुमच्या खिडकीतून, हाक मारलीत. "मारुती, जेवलास? बांगड्यांचें हुमण आसा. यो रे."

"जेवलोय."

"खंय जेवलास? तुजी चूल पेटूंकच ना. फटी मारूं नाका."

म्हणजे माझ्या चुलीवर तुमचं लक्ष होतं. हे मला अजिबात आवडलं नाही. आलो, ते माशांचं कालवण जेवलो, पण प्रत्येक घासाला वाट बघत होतो की आता काम सांगाल. वयनीनं दुसऱ्यांदा शीत, म्हणजे भात, वाढलं, मी मनात म्हटलं, काम मोठं दिसतंय. हात धुतले. तुम्ही भिंतीजवळची दुसरी कदेल, म्हणजे खुर्ची, पुढं ओढलीत, पुसलीत, आणि म्हणालात, "बस. एक दाखयतां."

मी म्हटलं, आलं. जमिनीचे कागद दाखवणार.

तुम्ही टीव्ही लावलात.

टीव्हीवर लावलेल्या त्या डीव्हीडीच्या तबकडीची गोष्ट तुम्ही मला इतक्या वेळा सांगितलीत की ती खरी आहे की नाही याचाही मला संशय येऊ लागला होता. वयनीचा भाऊ चोपड्याचा. नदीच्या काठावर त्याच्या घरात फिरंगी लोक खोली घेऊन राहतात. त्यातला एक म्हातारा जाताना पिशवी विसरून गेला, त्यात ही तबकडी. मेव्हण्यानं ती तुम्हाला आणून दिली: "भावोजी, हातूंत ढोल खूब आसा, तुमकां जाय पडटली." तुम्ही खाणीवरचे टिपरवाले, मंडळाचे घुमटवाले. इंग्रजी तुम्हाला ट्रकच्या स्पेअर पार्टपुरतं येणार. आणि समोर हे चार म्हातारे, मोकळ्या मैदानात, माणसांच्या समुद्रापुढं उभे. बँडचं नाव तुम्ही कधी नीट उच्चारलं नाहीत. मीही विचारलं नाही.

त्या ऐवजी तुम्ही त्यांना आपली नावं दिली होती. गाणारा तो 'गुरव'. कारण तो ओरडायचा आणि खालून हजारो लोक एका आवाजात उत्तर द्यायचे, तसं आपल्याकडं देवळात गाऱ्हाणं घालताना होतं. त्याचा श्वास संपून तो थांबला की तुम्ही खुर्चीतून हात वर करून म्हणायचा, "व्हय म्हाराजा!" रांधपघरातून वयनीचा आवाज यायचा, "शेजारचीं कितें म्हणटलीं!" गिटारवाला चष्मेवाला, तो 'मास्तर'. पेटीसारखं काहीतरी वाजवणारा बारीक माणूस, त्याला नाव नव्हतं, कारण तो कधी हसायचा नाही. आणि ढोलांच्या ढिगाऱ्यामागं बसलेला पांढऱ्या केसांचा, जाड मानेचा, खांद्यावर टॉवेल टाकलेला म्हातारा, तो तुमचा 'पात्रांव'. मालक. सगळे पुढं नाचतात पण गाडी तो चालवतो, असं तुमचं म्हणणं.

मी तेव्हाच म्हटलं, "भाऊ, हा वाजवत नाही."

तुम्ही टीव्ही थांबवलात. माझ्याकडं असं बघितलंत की जणू मी तुमच्या घरच्या देवावर शंका घेतली.

"कित्याक रे?"

मी सांगितलं. आम्ही ऑर्केस्ट्राची कामं घेतो. गायक नुसते ओठ हलवतात, आवाज पेन ड्राइव्हमधून येतो. मोठ्या मिरवणुकीत गाडीवर ढोल वाजवणाऱ्या पोरांचे ढोल आतून बंद असतात. जिथं गर्दी मोठी तिथं लबाडी मोठी. हा माणूस सत्तरीच्या पुढचा. इतका वेळ, इतक्या जोरात, या वयात? अशक्य. टेप लावलीय, नाहीतर मागं दुसरा कोणीतरी आहे.

"फट!" तुम्ही म्हणालात. "तो वाजयता मरे!"

आणि तिथून आपले आयतार सुरू झाले.

पुढं तबकडी अडकायला लागली तेव्हा ती मी पेन ड्राइव्हवर उतरवून दिली. तुम्ही पेन ड्राइव्ह हातात घेऊन उलटसुलट केलात. "सगळें आयलां न्ही? मदीं कांय कातरूंक ना न्ही?" मला हसू आलं. दुबाव फक्त माझ्याकडंच होता असं नाही.

सांगा, काय काय काढलं नाही आपण? टॉवेलचं प्रकरण. एका गाण्यात टॉवेल उजव्या खांद्यावर, लगेच पुढच्या क्षणी नाही, मग परत डाव्या खांद्यावर. मी म्हटलं, "दोन वेगळ्या दिवसांचं शूटिंग जोडलंय. एक दिवस हा वाजवतोय, एक दिवस दुसराच." तुम्ही म्हणालात, "घाम पुसलो, उडयलो. मागीर परत घेतलो. तूं घाम पुसता तेन्ना टॉवेल एकाच खांद्यार दवरता?" मी घाम टॉवेलनं पुसत नाही, बाहीनं पुसतो, म्हणून ते प्रकरण तिथंच सोडलं.

मग पाण्याचं प्रकरण. ते मी पकडलं तेव्हा मला वाटलं होतं की आता तुम्ही हरलात. पात्रांव उजव्या हातानं बाटली तोंडाला लावतो, डाव्या हातानं टॉवेल तोंडावर फिरवतो, आणि ढोल चालूच! मी खुर्चीतून उठून टीव्हीपाशी गेलो. "हे बघा! दोन्ही हात वर! कोण वाजवतंय मग? भूत?"

तुम्ही रिमोट उचललात. मागं घेतलंत. पुन्हा मागं घेतलंत. मग पडद्याच्या खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलंत. "पांय पळय."

ढोलांच्या फटीतून त्याचा बूट दिसत होता. वर-खाली, वर-खाली. मोठा ढोल पायानं चालू होता. बाकीचं त्यानं सोडून दिलं होतं आणि कुणाला कळलंही नव्हतं, मला तर नाहीच.

"हात थकले की तो काम पांयार घालता," तुम्ही हळूच म्हणालात. मला म्हणालात की स्वतःला, ते मला तेव्हा कळलं नाही. मी म्हटलं, "पाय तर कोणीही हलवेल." त्या दिवशी तुम्ही भांडला नाहीत, याचं मात्र मला आश्चर्य वाटलं.

वयनी एकाच क्षणासाठी बाहेर यायची. गर्दीत एक पांढऱ्या केसांची बाई आहे, ती रडते. ते गाणं आलं की वयनी हात पुसत दारात उभी, बाई दिसली की म्हणायची, "हिका रडयली कोणें रे?" तुम्ही म्हणायचा, "ती खुशालकायेन रडटा." वयनीला पटायचं नाही. तिचं मत पक्कं, ती गुरवाची पहिली बायको. बाई पडद्यावरून गेली की वयनी आत.

आणि टोपीवाला. भाऊ, टोपीवाल्यावर आपलं कधी जमलं नाही. पात्रांवच्या मागं, अंधारात, टोपी घातलेला एक जवान माणूस बसलेला आहे. कॅमेरा त्याच्यावर कधी येत नाही, नुसता कडेनं जातो. त्याच्या हातात काहीतरी आहे. मी म्हणायचो, तोच खरा वाजवतोय, मागं त्याचे स्वतःचे ढोल आहेत, पात्रांव फक्त हात हलवतोय. तुम्ही म्हणायचा, तो काठ्या द्यायला बसलाय, एक मोडली की दुसरी. "मग त्याचं डोकं तालावर का हलतंय?" "तुजें हालना?" "माझं कुठं हलतंय?" "आतां हाललें!" असं म्हणून तुम्ही इतके हसायचा की खोकला यायचा. मी थांबवून, मागं नेऊन, पडद्याला नाक लावून बघितलंय. काठी आहे की वायर आहे, कळत नाही.

पण हे भांडण नुसतं भांडण नव्हतं. मी तुमचा डावा हात बघत होतो.

तुम्ही वाटी डाव्या हातानं उचलायचं टाळत होता. रिमोट उजव्याच हातात. सकाळी बाल्कावावर, दारापुढच्या ओट्यावर, बसून डाव्या हाताची बोटं उजव्या हातानं एकेक करून उघडत होता, मुठीत काहीतरी अडकल्यासारखी. वयनीनं एकदा सांगितलं, टिपरचा गियर. सुर्ल्याच्या खाणीवरून माल भरून त्या खड्ड्यांतून गाडी काढायची, आणि गियरचा दांडा सगळा वेळ डाव्या हाताला हादरे देत राहायचा. खाणी बंद पडल्या, टिपर अंगणात गंजला, पण हादरे तुमच्या बोटांतून काही गेले नाहीत.

मी घुमट वाजवत नाही, पण त्याला माइक लावायला शिकलोय. मोठ्या तोंडावर कातडं, धाकटं तोंड उघडं. उजव्या हातानं कातड्यावर थाप मारायची आणि डाव्या पंजानं धाकटं तोंड झाकायचं-उघडायचं, तेव्हा तो खोल घूं निघतो. डावा हात गेला की घुमट नुसती मडक्यासारखी वाजते. हे मला कळत होतं, तर मंडळातल्या लोकांना कळत नसेल? पण तुमच्यासमोर कोणी बोलत नव्हतं. गौरीश तुमच्या पाया पडून म्हणायचा, "मामा, तुमी म्हळ्यार तुमी." सगळे वा म्हणायचे. चवथीला सार्वजनिक गणपतीसमोर वाड्याची आरती, तिथं पहिली घुमट तुमची, हे कोणी बदलायचं?

आता माझ्या डोक्यात जे आलं ते लपवत नाही, कारण तुम्ही ते तेव्हाच ओळखलं असणार. त्या मंडपाचं साउंड आमचं. माइकचा आवाज कमी-जास्त करणारा मी. मला वाटलं, सापडलं! म्हणून हा माणूस मला दर आयतारी जेवायला घालतो. म्हणून दुसरी कदेल. एक दिवस म्हणणार, "मारुती, चवथीक म्हजो मायक मात्सो वयर दवर." मग माझ्या हातानं तुमचा हात झाकायचा. हुमणाचा तो अर्थ.

मी वाट बघत होतो. प्रत्येक आयतारी घरातून निघताना म्हणायचो, आज म्हणतील. तुम्ही म्हणत नव्हता. पात्रांव, गुरव, टॉवेल, टोपीवाला, एवढंच. माझ्या आईला ताप आला तेव्हा तुम्ही मला घाटावर जाणाऱ्या ओळखीच्या भाजीच्या टेंपोत बसवून दिलंत, परत आलो तर खोलीत वयनीनं झाडून ठेवलेलं. तेव्हाही मी म्हटलं, किंमत वाढतेय. मी असाच आहे, भाऊ. माझ्यावर कुणी उपकार केला की मला घाम फुटतो. गावाकडं असतो तर आपल्या माणसांत असतो, कोण का करतंय ते कळतं. इथं मी घाटावरचा, कुणाचा कोणी नाही. माझ्यासाठी कुणी कदेल का पुसावी?

मग चवथ आली. मंडप उभा राहिला, समया लागल्या, दिवेलागणीला वाड्याची आरती. तुम्ही धुतलेला सदरा घालून, घुमट गळ्यात अडकवून थेट माझ्या मिक्सरपाशी आलात. मी मनात म्हटलं, आज. आज मागणार. मी तर कंट्रोलवर बोट ठेवून तयार होतो, खरं सांगतो. नाही म्हणणार नव्हतो.

तुम्ही वाकून म्हणालात, "म्हजो मायक बंद दवर."

"बंद?"

"बंद. गौरीशाचो चालू."

"का?"

"बंद म्हळ्यार बंद रे!"

आणि जाऊन पुढं बसलात. गौरीश तुमच्या बरोबर मागं, तुमच्या खांद्याआड, स्वतःची घुमट घेऊन.

भाऊ, मला इतका राग आला. वाटलं, गौरीश हाच तुमचा टोपीवाला! इतके आयतार माझ्याशी भांडलात, पात्रांव खरा, पात्रांव खरा म्हणालात, आणि स्वतः तेच करताय. हात हलवणार तुम्ही, वाजवणार गौरीश, आणि लोक तुम्हाला वा म्हणणार. मी लोकांसाठी तुमचा माइक बंद केला. पण मिक्सरवर एक बटण असतं, लोकांना बंद केलेला माइकही आपल्याला हेडफोनमध्ये ऐकता येतो. ते मी दाबलं. माझ्या कानात फक्त तुम्ही. मला तुम्हाला पकडायचं होतं.

आरत्या झाल्या. लोक मोदकांवर तुटून पडले. तुम्ही पाण्याचा पेला घेऊन माझ्याकडं आलात, चेहरा घामानं भिजलेला. लोकांना विचारतात तसं 'कसं झालं' विचारलं नाहीत. माझ्या कानावरच्या हेडफोनकडं बघितलंत आणि म्हणालात, "आयकलें मरे?"

म्हणजे तुम्हाला बटण माहीत होतं. मी कधी सांगितलं होतं का तुम्हाला? आठवत नाही. गौरीशनं सांगितलं असेल.

मी म्हटलं, "ऐकलं."

"हांगा सांगूं नाका. आयतारा सांग. सारकें सांग." मग पेला रिकामा करून, "टीव्ही लावया. तुज्या टोपीवाल्याचो निकाल लावया."

तो आयतार आलाच नाही. त्याआधीच तुमच्या छातीत दुखायला लागलं. डिचोलीहून तुम्हाला पुढं मोठ्या हॉस्पिटलात नेलं, आणि आत सोडताना माणसं मोजत होते, मी नात्याचा कोण, म्हणून मी बाहेर. गौरीश बाहेर येऊन म्हणाला, "मामान विचारलें, दुबाव आयला?" मी म्हटलं सांग त्यांना आलोय, बसलोय. मग आतून त्याचा फोन आला.

बाराव्यानंतर वयनीनं हाक मारली. जनेलातूनच. "मारुती, शीत जालां." मी दारात उभा राहिलो. आता तर कोणतंच कारण नव्हतं. चवथ होऊन गेली होती, माइक नाही, घुमट खुंटीला. आता मला कशाला बोलावतायत? वयनीनं माझ्याकडं बघितलं आणि माझ्या तोंडावरच ओळखलं.

"तुका तो कित्याक आपयतालो, खबर आसा?"

"माइकसाठी बोलवायचे," मी म्हटलं. तोंडातून निघूनच गेलं.

ती हसली. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा हसली, पदर तोंडाला लावून. "रे देवा! तुजो दुबाव मरतकच वतलो!" मग कदेलीवर बसली. तुमच्या नाही, माझ्या. "तो म्हणटालो, ह्या वाड्यार सगळीं म्हाका बरें म्हणटात. म्हजो हात मेला तरी बरें म्हणटलीं. हो घाटावयलो भुरगो देवाकूय दुबावता. तो खरें सांगतलो. हाका धरून दवर, म्हणटालो."

मी जेवलो नाही नीट. मला आधी दुखलं, मग बरं वाटलं, मग पुन्हा ते आलं, माझं ते: वयनीनं हे माझं मन राखायला सांगितलं नसेल कशावरून? तिनं नंतर टीव्ही लाव म्हणून सांगितलं. मी लावला. रडणाऱ्या बाईचं गाणं यायच्या आधीच ती उठून आत गेली.

तिचं सांगणं खरं असेल तर तुम्हाला माझ्याकडून खरं ऐकायचं होतं, ते सांगायचं राहिलंय. खरं नसेल तरी तुम्ही 'सारकें सांग', नीट सांग, म्हणाला होतात, ते मी माझ्या कानांनी ऐकलंय. तेव्हा सांगतो. मंडळानं हे छापावं की नाही ते त्यांचं ते बघतील.

पहिल्या आरतीत तुम्ही घाई केलीत. डावा हात धाकट्या तोंडावर पोचायचा तेव्हा थाप वाजून गेलेली असायची. घूं निघालाच नाही. मी मनात म्हटलं, सापडला. दुसऱ्या आरतीत कासाळेवाले, झांजा वाजवणारे, पुढं पळाले आणि तुम्ही मागं राहिलात. पण तिथं धडपडला नाहीत. हात उचललात, थांबलात, तालाचं एक वळण जाऊ दिलंत, आणि पुढच्या वळणाला बरोबर शिरलात. मी ते ऐकून जरा सरळ बसलो.

तिसऱ्या आरतीला माझ्या कानात खरखर सुरू झाली. मला वाटलं वायर गेली. वायर हलवून बघितली, खरखर जाईना. खरखरीच्या पाठोपाठ घूं येत होता. बारीक, पण घूं. मग मी मान वर करून तुमच्याकडं बघितलं. तुम्ही घुमटीचं धाकटं तोंड पोटाला लावलं होतं. पंजा सोडून दिला होता. कोपरानं घुमट पोटावर दाबत होता आणि सोडत होता, सदरा घासत होता, त्याची ती खरखर. हाताचं काम पोटावर घातलं होतं तुम्ही. इतके आयतार तुम्ही गाणी ऐकत नव्हता, भाऊ. तुम्ही त्या म्हाताऱ्याची युक्ती चोरत होता, आणि मला पायाकडं बघायला लावून आपण पोटाकडं वळला होता.

थापा कमी होत्या. पूर्वी किती असायच्या मला माहीत नाही, मी उशिरा आलो. जिथं हात पोचणार नाही तिथं तुम्ही मारलंच नाहीत. खोटी थाप एकही नव्हती. मी शोधत होतो, म्हणून सांगू शकतो.

आणि गौरीश. त्याचा आवाज मला समोरच्या स्पीकरमधून येत होता, तुमचा कानातून. त्यामुळं दोन्ही वेगळे ऐकू आले, मंडपात दुसऱ्या कुणाला येणं शक्य नव्हतं. तो मागं बसून तुमच्यासाठी वाजवतोय असं मला वाटलं होतं. तसं नव्हतं. प्रत्येक वळणाला आधी तुमची थाप, मग त्याची. तुम्ही थांबलात तिथं तो थांबला, तुम्ही शिरलात तिथं शिरला. त्याचे डोळे सगळा वेळ तुमच्या खांद्यावर होते. लोकांनी वा म्हटलं ते गौरीशच्या आवाजाला, पण तो आवाज तुम्ही चालवत होता. हे गौरीशला माहीत आहे का, ठाऊक नाही. आता वाचेल.

तुमच्या त्या टोपीवाल्याचं मला अजून पटलेलं नाही. त्याच्या हातात काय आहे ते जोपर्यंत नीट दिसत नाही तोपर्यंत पटणार नाही.

पण तुमचा माइक बंद ठेवायला नको होता. चालू ठेवला असता तर खरखर आली असती, मंडळातल्या एकदोघांनी मान वळवली असती, पहिल्या आरतीला तर नक्कीच. तिसरीला कुणाला काही म्हणता आलं नसतं. मी पुन्हा पुन्हा विचार करून सांगतोय. चालला असता, भाऊ.